पाऊस ओसरल्यानंतर

महाराष्ट्रात नवरात्र सरत आले की पावसाळा संपल्याची खूण पटते. आकाश निरभ्र होते, खळी सारवली जातात व शेतकरी काढणीच्या कामास लागतो. नेमक्या याच सुमारास तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर पावसाळ्यास आरंभ होतो. नैर्ऋत्येकडील मोसमी वारे माघारी फिरल्यावर ईशान्येकडून वाहणारे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत त्या किनाऱ्यास वर्षातील पावसाचा फार मोठा वाटा मिळतो. तंजावरचा सुपीक मुलूख या पावसावर व कावेरीच्या पाण्यावर जगतो.

तंजावर हे नाव मराठी वाचकास परके नाही. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून सुमारे पावणेदोनशे वर्षे तेथे भोसले घराण्याची गादी होती. त्या घराण्याचा इतिहास सांगणारा, १८०३ साली पुरा झालेला विस्तृत मराठी शिलालेख तेथील बृहदीश्वर मंदिरात आजही उभा आहे. परंतु ज्या भूमीवर हे सारे घडले, तिचे निसर्गाशी असलेले नाते आपणास क्वचितच ठाऊक असते. ईशान्य मोसमी पावसाबरोबर या भूमीस चक्रीवादळेही भोगावी लागतात. १९५२, १९५५, १९७७ व २०१८ या वर्षांतील वादळांच्या स्मृती तेथे ठळक आहेत. १९५५ च्या वादळात राजामडम् गावाजवळ समुद्र किनारा ओलांडून आत शिरला होता. १२ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे नागपट्टिनमच्या दक्षिणेस धडकलेल्या वादळाने ५६० माणसांचा बळी घेतला व सुमारे १० लाख लोकांना बेघर केले. समुद्रापासून बरेच आत असलेल्या तंजावर शहरातही त्या दिवशी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर होता.

वादळ येण्यापूर्वी काय करावे, याविषयी आता पुष्कळ लिहिले व बोलले जाते. वादळ गेल्यानंतर काय करावे, हा विषय मात्र उपेक्षित राहतो. पाऊस ओसरला, उघडीप पडली, ऊन दिसू लागले की संकट टळले असे मन आपोआप मानू लागते. ही समजूत घातक आहे. पाऊस थांबणे ही आकाशातील घटना आहे. जमिनीवरील धोके तिच्या आज्ञेने थांबत नाहीत. त्यांपैकी प्रत्येकाचे घड्याळ निराळे असते. वाऱ्याचा धोका तासांत मोजावा लागतो, पुराचा दिवसांत, रोगाचा आठवड्यांत आणि बागेच्या हानीचा वर्षांत. ही निरनिराळी घड्याळे कशी चालतात, हे समजून घेणे हा या पाठाचा विषय होय.

१. वादळाचा अंत कसा होतो

चक्रीवादळ हे उष्णतेवर चालणारे एक प्रचंड यंत्र आहे, असे म्हटल्यास ते चुकीचे होणार नाही. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६ ते २७ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक असेल, तर पाण्याची वाफ विपुल प्रमाणात होते. ही वाफ वर चढते, थंड होते व तिचे पुन्हा पाणी होते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. वाफेत दडून असलेल्या या उष्णतेस सुप्त उष्णता म्हणतात. तिच्या योगाने भोवतालची हवा तापून आणखी वर चढते, खालील दाब अधिकच घटतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी चोहोंकडून वारे धाव घेतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे ते सरळ केंद्राकडे न जाता वळतात. उत्तर गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने केंद्राभोवती फिरू लागतात. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी या भोवऱ्यास सापाच्या वेटोळ्यावरून ‘सायक्लोन’ हे नाव दिले.

वादळ किनारा ओलांडून जमिनीवर आले की त्याचे इंधन तुटते. खाली उष्ण समुद्र नसतो. शिवाय झाडे, घरे व टेकड्या यांच्याशी घर्षण होऊन वाऱ्याचा वेग मंदावतो. तथापि वारा मंदावला म्हणजे पाऊसही थांबला असे होत नाही. वादळाने समुद्रावरून आणलेले बाष्प त्याच्या ढगांत शिल्लक असते, व वादळ जितके सावकाश पुढे सरकेल तितके ते बाष्प एकाच प्रदेशावर रिते होते.

या संबंधात दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, ‘गज’ नावाचे तीव्र चक्रीवादळ नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ते त्वरेने पश्चिमेकडे गेले आणि त्याच दिवशी तमिळनाडू व केरळ ओलांडून अरबी समुद्रात उतरले. त्याचा मुख्य आघात वाऱ्याचा होता. याउलट डिसेंबर २०२० मधील ‘बुरेवी’ हे वादळ श्रीलंका ओलांडून मन्नारच्या आखातात येताच दुर्बळ झाले व रामनाथपुरमच्या किनाऱ्यानजीक जवळजवळ एकाच जागी रेंगाळले. त्याचा वारा नाव घेण्यासारखा उरला नव्हता; परंतु तेथून दूर, कोळ्ळिडम् व चिदंबरम् या ठिकाणी चोवीस तासांत ३० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि कावेरीच्या मुखाकडील भातशेती पाण्याखाली गेली. ‘वादळ दुर्बळ झाले’ ही बातमी वाऱ्याविषयी असते. तिच्यावरून पावसाविषयी निष्कर्ष काढू नये, हा याचा बोध.

भारतीय हवामानखात्याचे चक्रीवादळविषयक इशारे चार टप्प्यांत दिले जातात, ते याच कारणासाठी. पहिले तीन टप्पे वादळ येण्यापूर्वीचे असतात. चौथा टप्पा, वादळ किनाऱ्यास लागण्याच्या सुमारे बारा तास आधी दिला जात असला, तरी त्याचा विषय वादळ जमिनीवर आल्यानंतर आतील प्रदेशात काय होईल हा असतो. तो ऐकावयाचा सोडून रेडिओ बंद करणे म्हणजे पत्र अर्धेच वाचून फाडून टाकणे होय.

२. मधली शांतता

वादळाच्या केंद्रस्थानी ‘डोळा’ म्हणून ओळखला जाणारा एक शांत भाग असतो. हा डोळा एखाद्या गावावरून गेला, तर तेथे एकाएकी वारा पडतो, पाऊस थांबतो, क्वचित तारेही दिसू लागतात. ही शांतता काही मिनिटे किंवा तासाभराहूनही अधिक टिकते. तीस वादळाचा शेवट समजून माणसे घराबाहेर पडतात, उडालेले पत्रे गोळा करू लागतात, दावे तोडून गेलेली गुरे शोधावयास निघतात. आणि अशा वेळी वादळाचा मागील अर्धा भाग त्यांच्यावर कोसळतो.

हा मागील वारा उलट दिशेने येतो. पूर्वेकडून येणाऱ्या वादळाच्या वाटेवर असलेल्या गावास आधी उत्तरेकडील वारा लागतो. डोळा पुढे गेल्यावर तोच वारा दक्षिणेकडून वाहू लागतो. पहिल्या वाऱ्याने एका बाजूस कललेली झाडे व भिंती दुसऱ्या वाऱ्याने हिसका बसून उन्मळतात. यास्तव वारा अकस्मात पडला, तर तो डोळा असावा असेच गृहीत धरावे व अधिकृत सूचना मिळेपर्यंत निवारा सोडू नये.

केंद्र कोणत्या बाजूस आहे याचा अंदाज करण्याचा एक सोपा नियम डच शास्त्रज्ञ बॉइज-बॅलट यांनी १८५७ साली मांडला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाबाचे केंद्र आपल्या डाव्या हाताच्या बाजूस असते. वाऱ्याची दिशा हळूहळू बदलत जाऊन त्याचा जोरही क्रमाक्रमाने ओसरत असेल, तर केंद्र बाजूने निघून जात आहे असे समजावे. दिशा न बदलता वारा वाढतच गेला व मग एकदम थांबला, तर केंद्र माथ्यावर आहे.

३. पावसाचा आकडा व जमिनीवरचे पाणी

वृत्तपत्रांत पावसाचा जो आकडा छापून येतो, तो सकाळी साडेआठ वाजता संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो. हवामानखात्याच्या परिभाषेत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसास ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसास ‘अति जोरदार’ व त्यापलीकडील पावसास ‘अत्यंत जोरदार’ अशा अर्थाच्या संज्ञा आहेत. आज सकाळचा मोठा आकडा हा कालच्या पावसाचा हिशेब होय. त्या पावसाचे पाणी मात्र आज व उद्या वाहावयाचे असते.

हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. एक चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी साचते. या हिशेबाने १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रावर २० सेंटिमीटर पाऊस पडला असता २ कोटी घनमीटर पाणी होते. त्या क्षेत्राचे पाणी वाहून नेणारी नदी दर सेकंदास १०० घनमीटर पाणी समुद्रात टाकते असे मानू. ते सर्व पाणी निचरावयास २ लाख सेकंद, म्हणजे सुमारे ५६ तास लागतील. पाऊस मध्यरात्री थांबला, तरी पाणी तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत राहील. जमिनीत मुरणारे पाणी येथे जमेस धरलेले नाही हे खरे; परंतु आठवडाभराच्या पावसाने भिजलेली भातखाचरे फारसे पाणी पीत नाहीत.

तंजावरच्या प्रदेशात हा निचरा आणखी मंद होतो. तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेस मुक्कोंबु येथे कावेरीपासून कोळ्ळिडम् हा फाटा निघतो व पुराचे पाणी मुख्यतः तोच वाहून नेतो. पुढे करिकाल चोळाच्या नावाशी निगडित असलेल्या प्राचीन कल्लणै बंधाऱ्यापाशी कावेरी व वेण्णार या शाखा वेगळ्या होतात आणि त्यांच्या असंख्य उपशाखा व पाट पंख्याप्रमाणे पसरतात. या साऱ्या त्रिभुज प्रदेशाचा उतार दर किलोमीटरला एक मीटरही नाही. समुद्राजवळ तर तो याहूनही पुष्कळ कमी आहे. वादळाने समुद्राची पातळी चढलेली असली, की नद्यांच्या मुखाशी पाणी तुंबते. समुद्र उतरेपर्यंत व ओहोटी लागेपर्यंत नदीस वाट मिळत नाही.

आणखीही एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. किनाऱ्यावर उघडीप पडते तेव्हा वादळाचे अवशेष पश्चिमेकडील डोंगरांवर पाऊस पाडीत असतात. भवानी व अमरावती या उपनद्या तेथेच उगम पावतात व मेट्टूर धरणाच्या खालच्या बाजूस कावेरीस मिळतात. त्यांचे पाणी खाली यावयास वेळ लागतो. म्हणूनच लख्ख उन्हातही नदीस पूर येऊ शकतो. पाटबंधारे खात्याने पाणी सोडल्याची दवंडी पिटली असता आकाशाकडे पाहून तिची सत्यता ठरवू नये.

वाहत्या पाण्यातून चालत वा वाहनाने जाण्याचा मोह या दिवसांत अनेकांचे प्राण घेतो. पाण्याचा धक्का त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो. गुडघ्याच्याही खाली असलेले वेगवान पाणी धट्ट्याकट्ट्या माणसाचे पाय उखडते, आणि त्याच्या गढूळपणामुळे वाहून गेलेल्या रस्त्याचा खड्डा दिसत नाही. पाणी रस्त्यावरून वाहत असेल तर पलीकडे जाऊ नये, हा नियम अपवादरहित मानावा.

४. भिंती, तारा व झाडे

मातीच्या भिंती पावसात पडतात हे सर्वांस माहीत आहे. पाऊस थांबल्यावरही त्या पडतात, हे तितकेसे माहीत नसते. कोरड्या मातीच्या कणांमधील किंचित ओलावा त्यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवतो. माती पाण्याने पूर्ण भरली की ही पकड नाहीशी होते आणि भिंतीचे वजन मात्र वाढते. भिंतीचा पाया दिवसेंदिवस पाण्यात उभा असेल, तर ओल केशाकर्षणाने वर चढत राहते. पुढे ऊन पडल्यावर बाहेरचा थर आधी वाळून आकसतो, आतील गाभा ओलाच राहतो, व भिंतीस भेगा जातात. म्हणून पाणी उतरल्यावर कित्येक दिवसांनी, ऐन दुपारी, भिंत ढासळू शकते. नवी भेग, फुगवटा, खाली घरंगळलेली माती, घट्ट बसू लागलेले दार या तिच्या पूर्वसूचना होत. अशा भिंतीशेजारी मुलांना खेळू देऊ नये, गुरे बांधू नयेत व रात्री निजू नये.

‘गज’ वादळात विजेचे एक लाखाहून अधिक खांब कोसळले. पुष्कळ खेड्यांत कित्येक आठवडे अंधार होता. या काळात दोन प्रकारचे अपघात संभवतात. पहिला पडलेल्या तारेचा. जिवंत तार ओल्या जमिनीवर पडली म्हणजे वीज जमिनीत पसरते. तारेपाशी विद्युत्दाब सर्वांत अधिक असतो व दूर जावे तसा तो उतरत जातो. चालताना माणसाचा एक पाय तारेच्या जवळ व दुसरा दूर असतो. दोहोंखालील दाबांत जो फरक असतो, त्याच्या योगाने विजेचा प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. तारेस स्पर्श न करताही मृत्यू येतो तो असा. गुरांच्या पुढील व मागील पायांत अंतर अधिक असल्याने ती या अपघातास लवकर बळी पडतात. पडलेल्या तारेपासून निदान १० मीटर दूर राहावे. चुकून जवळ गेल्याचे ध्यानी आल्यास दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, लहान लहान सरकत मागे यावे. गावात दिवे नाहीत, म्हणून तार मृत आहे असे मानू नये. दुरुस्ती करणारे वीज केव्हा सोडतील, हे आपणास कळत नाही.

दुसरा अपघात घरातील जनित्राचा. वीज नसल्याने लोक तेलावर चालणारी जनित्रे आणतात व पावसाच्या भयाने ती पडवीत किंवा खोलीत ठेवतात. त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील तांबड्या द्रव्याशी तो प्राणवायूहून कितीतरी पटींनी घट्ट जडतो आणि माणूस झोपेतच दगावतो. जनित्र नेहमी घराबाहेर, खिडक्यांपासून दूर ठेवावे. बंद खोलीत कोळशाची शेगडीही पेटवू नये.

उन्मळलेली झाडे तोडतानाही घाई नको. अर्धवट आडवे झालेले झाड ताणलेल्या धनुष्यासारखे असते. एका बाजूचे तंतू ताणलेले, दुसरीकडचे दबलेले असतात. ताणलेल्या बाजूस घाव बसताच बुंधा उसळतो. असे काम एकट्याने करू नये, आणि जेथे तारा अडकल्या असतील तेथे वीजखात्याची माणसे येईपर्यंत झाडास हात लावू नये.

५. विहिरी, रोग व सर्प

पुराच्या पाण्यात शौचकूप, उकिरडे व मेलेली जनावरे यांची घाण मिसळते व ते पाणी विहिरींत उतरते. पटकी, विषमज्वर, हगवण व कावीळ यांचे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत. म्हणून पाणी स्वच्छ दिसते हा त्याच्या शुद्धतेचा पुरावा नव्हे. पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळावे व झाकून ठेवावे.

विहीर शुद्ध करण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरतात. चांगल्या प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम पावडर १,००० लिटर पाण्यास पुरते. विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली २ मीटर असेल, तर तीत सुमारे १४,००० लिटर पाणी असते व त्यास ३५ ग्रॅम पावडर लागते. पावडर बादलीत कालवून, चुना तळाशी बसू द्यावा व वरचे निवळ द्रावण विहिरीत सोडून पाणी ढवळावे. त्यानंतर निदान एक तास पाणी उपसू नये. पुराच्या पाण्यात घाण पुष्कळ असल्यामुळे हे प्रमाण वाढवावे लागते. ते किती, हे आरोग्यसेवकाने पाण्यातील शिल्लक क्लोरीन तपासून सांगावयाचे असते. समुद्राचे पाणी शिरलेल्या विहिरीविषयी एक इशारा आवश्यक आहे. क्लोरीन जंतूंना मारते, मीठ काढीत नाही. अशी विहीर उपसून पुन्हा गोड्या पाण्याने भरू द्यावी लागते.

रोगांची घड्याळे सावकाश चालतात. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायांवरील जखमांतून शरीरात शिरतात, व ताप त्यानंतर बहुधा एकदोन आठवड्यांनी येतो. पूर ओसरून माणूस कामास लागलेला असतो आणि तापाचा संबंध पुराशी कोणी जोडीत नाही. चिखलातून चाललेल्या माणसास ताप आल्यास ही गोष्ट वैद्यास आवर्जून सांगावी. डेंगीच्या डासास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत सुमारे सात ते दहा दिवस लागतात. करवंट्या, फुटकी मडकी, जुने टायर यांत साचलेले पाणी दर आठवड्यास ओतून टाकले, तर त्याची पिढी पुरी होत नाही.

पाण्याने बिळे भरली की सर्प कोरड्या जागेच्या शोधात निघतात. लाकडांची मोळी, गवताची गंजी, घरातील वळकटी, पडक्या भिंतीचा ढिगारा येथे ते आढळतात. ढिगारा हाताने न उपसता काठीने हलवावा व रात्री दिवा घेतल्यावाचून फिरू नये. दंश झाल्यास जखम कापणे, रक्त चोखणे, दोरी करकचून आवळणे हे उपाय अपायकारक आहेत. दंश झालेला अवयव न हलविता रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषांवर चालते. ते तयार करण्यासाठी लागणारे विष मिळविण्यात तमिळनाडूतीलच इरुळ जमातीच्या लोकांनी १९७८ साली स्थापन केलेल्या सहकारी संस्थेचा मोठा हातभार आहे. एकेकाळी कातड्यांसाठी सर्प मारणारी ही माणसे आता त्यांचे विष काढून घेऊन त्यांना पुन्हा रानात सोडतात.

६. शेत व बाग

वादळाचा हंगाम व तेथील ‘सांबा’ भाताचा हंगाम एकच असतो. ऑगस्टच्या सुमारास पेरलेले हे पीक जानेवारीत कापणीस येते. नोव्हेंबरमध्ये ते कोवळे असते. भाताचे रोप पाण्यात वाढत असले, तरी शेंड्यासह बुडाल्यावर ते फार दिवस तग धरीत नाही. आठवडाभराहून अधिक बुडाले तर बहुतेक जाती कुजतात. म्हणून निचऱ्याचे पाट उघडे करणे हे पाऊस ओसरताच हाती घ्यावयाचे पहिले काम होय. मात्र वरच्या शेतकऱ्याने बांध फोडला म्हणजे खालच्याचे शेत बुडते. निचरा समुद्राकडील बाजूने, खालून वर, या क्रमाने व सर्वांच्या संमतीने व्हावा. सुमारे दोन आठवडे बुडूनही जगणाऱ्या जाती संशोधकांनी आता सिद्ध केल्या आहेत. सखल खाचरांत त्या लावणे हा पुढील वर्षाचा शहाणपणा होय.

नारळाची कथा अधिक दुःखद आहे. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणि व ओरत्तनाडु या भागांत ‘गज’ वादळाने एका रात्रीत लक्षावधी माड आडवे केले. उंच जातीचा माड लावल्यापासून सहा ते आठ वर्षांनी फळ देऊ लागतो. बाप गेला तरी माड पोसतो, या भरवशावर ज्यांनी मुलींची लग्ने व मुलांची शिक्षणे ठरविली होती, त्यांच्यासाठी पाऊस ओसरल्याने काहीच संपले नव्हते. अशा वेळी निराशेने बाग तशीच टाकून देणे म्हणजे दुसऱ्या संकटास आमंत्रण होय. कुजणाऱ्या बुंध्यांत गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे उभ्या राहिलेल्या माडांचे शेंडे पोखरतो. पडलेले बुंधे काही आठवड्यांच्या आत बागेबाहेर काढावेत, आणि फळ येईपर्यंतच्या वर्षांत रोपांच्या मधल्या जागेत केळी, भाजीपाला किंवा कडधान्य घ्यावे.

कोकणास या अनुभवाची निराळी ओळख करून द्यावयास नको. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांची हीच गत झाली. मात्र एका बाबतीत कोकण तंजावरहून वेगळे आहे. तेथील भूमी उताराची असल्याने पाणी लवकर वाहून जाते. पण तोच उतार भिजून जड झाला म्हणजे पाऊस थांबल्यावरही दरड कोसळू शकते. डोंगरास पडलेली नवी भेग, तिरपे झालेले खांब, झऱ्याचे एकाएकी गढूळ झालेले पाणी या तेथील पूर्वसूचना होत. सपाट मुलखात पाण्याचे घड्याळ पाहावे, डोंगराळ मुलखात मातीचे.

सारांश

वारा पडल्यावर अधिकृत सूचनेची वाट पाहावी. तार दिसल्यास ती जिवंत मानावी. नदीची खबर आकाशावरून न घेता पाटबंधारे खात्याकडून घ्यावी. भिजलेल्या भिंतीपासून ती पूर्ण वाळेपर्यंत दूर राहावे. पाणी उकळूनच प्यावे व पुढील महिनाभर कोणताही ताप क्षुल्लक समजू नये. यांपैकी कोणत्याही गोष्टीस खर्च नाही. लागतो तो थोडा धीर. वादळाच्या वाऱ्यापुढे माणसाचे फारसे चालत नाही, परंतु उघडिपीनंतर होणारे बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात.

अभ्यासाकरिता

१. सरळ उभ्या बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवून चोवीस तासांचा पाऊस पट्टीने मोजा. आपल्या गावाचे क्षेत्रफळ विचारून घेऊन गावावर किती लिटर पाणी पडले ते काढा.

२. मातीच्या दोन सारख्या कच्च्या विटा वाळवा. एक कोरडी ठेवा. दुसरीचा तळ रात्रभर उथळ पाण्यात ठेवा. ओल किती उंच चढली ते पाहा व दोहोंवर सारखे वजन ठेवून फरक नोंदवा.

३. गावातील वडील माणसांस विचारून मागील मोठ्या पुराची खूण शोधा. पाऊस थांबल्यावर किती तासांनी पाणी त्या खुणेपर्यंत चढले व किती दिवसांनी उतरले, हे शाळेच्या वहीत लिहून ठेवा. पुढील पावसाळ्यात ती नोंद उपयोगी पडेल.